त्रियानात ऐकलेली सोलेआ

स्पेनमधल्या सेविया शहरात फ्लामेंकोचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाणं, गिटार आणि नाच यांच्या कार्यक्रमाचं, तिकीट मिळणं अवघड नाही. नेमकं कोणतं काढावं हे ठरवणं अवघड. कॅथेड्रलच्या आसपासच्या गल्ल्यांतून चालताना कुणी ना कुणी हातात पत्रक देतंच. कुठे जेवणासकट कार्यक्रम, कुठे सांग्रियासकट, कुठे हॉटेलवरून ने-आण करण्यासकट. आमची अट एकच होती आणि ती आईची होती: माइक नको. आई तरुणपणी कोल्हापुरात बरीच वर्षं गाणं शिकली आहे. माइक आला की गळा किती आणि यंत्र किती हे कळत नाही, असं तिचं ठाम मत. सत्तरी ओलांडल्यावर ती एवढ्या लांब आली ती मुळात या एका संध्याकाळसाठीच, त्यामुळे तिची अट मोडायचा प्रश्नच नव्हता.

त्या अटीने निवड सोपी झाली. जेवणावळीसोबत नाच दाखवणारी मोठी सभागृहं बाद झाली. उरल्या त्या छोट्या जागा: पन्नास-साठ खुर्च्या, तासाभराचा कार्यक्रम, खाणं-पिणं काही नाही, मंचावर चार माणसं. तिकीट साधारण 20 ते 30 युरो. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी दोन खेळ होतात. आम्ही उशिराचा घेतला. पहिल्या खेळात गळा तापतो आणि दुसऱ्यात खुलतो, हा आईचा हिशोब.

जागा निवडली ती ग्वादालकिविर नदीपलीकडच्या त्रियानात. हा कुंभारांचा, खलाशांचा, लोहारांचा आणि खितानोंचा, म्हणजे स्पेनमधल्या रोमा (जिप्सी) लोकांचा, जुना मोहल्ला. फ्लामेंकोतल्या कितीतरी चिजा याच भागाच्या नावाने ओळखल्या जातात. आज तिथे रंगीत फरशांची दुकानं आहेत, नदीकाठी खाण्याची ठिकाणं आहेत, पण खितानो कुटुंबं फारशी उरलेली नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुने सामायिक वाडे पाडले गेले, जागेचे भाव चढले आणि ही कुटुंबं शहराच्या कडेच्या वसाहतींत ढकलली गेली. हे माहीत असलं की पुलावरून त्रियानात शिरताना त्या सुंदर दर्शनी भिंती निराळ्या दिसतात.

आदल्या दिवशी सकाळी मी एका नृत्यशाळेत पाहुण्यांसाठीच्या टाळ्यांच्या वर्गाला बसले. लहानपणी थोडा तबला शिकले आहे, तेवढ्या भांडवलावर. कार्यक्रमाला जाणाऱ्या प्रत्येकाने शक्य असेल तर हे करावं, अगदी कळकळीने सांगते, कारण त्या तासाभराने दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या ऐकण्याला आधार मिळाला. फ्लामेंकोतल्या बऱ्याच प्रकारांचं आवर्तन बारा मात्रांचं. त्याला म्हणतात कोंपास. आपल्या मनात बारा म्हटलं की एकताल उभा राहतो आणि कान पहिल्या मात्रेवर सम शोधू लागतात. इथे जोर पडतो तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे दोन जोरांमधलं अंतर कधी तीन मात्रांचं, कधी दोन. आणि वाक्य येऊन टेकतं ते दहाव्या मात्रेवर. अकरा आणि बारा या दोन मात्रा श्वास घ्यायला. शिक्षिकेने आम्हाला दहावर थांबायला लावलं, पुन्हा पुन्हा, जोवर ती जागा अंगात बसत नाही तोवर. टाळ्याही दोन जातींच्या. तळव्याची वाटी करून वाजवलेली दबकी टाळी गाणं चालू असताना, आणि ताणलेल्या बोटांनी दुसऱ्या तळव्यावर मारलेली कडक टाळी लय चढल्यावर. श्रोत्यांनी मात्र यातलं काहीच करायचं नाही, हेही तिने बजावलं. एका माणसाची चुकीची टाळी मंचावरच्या चौघांनाही ऐकू जाते.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही अर्धा तास आधी पोचलो. खुर्च्यांना क्रमांक नव्हते, आधी येईल त्याला जागा. पहिल्या रांगेचा मध्य रिकामा होता, तरी आम्ही डावीकडच्या टोकाला बसलो, कारण गायक आणि गिटारवादक यांच्या खुर्च्या उजवीकडे तिरप्या मांडलेल्या दिसल्या. टोकावरून त्यांचे चेहरे समोर येत होते. समोर मधोमध बसलं की नर्तकी पुढे आली रे आली, ही दोघं तिच्या आड जातात. लाकडी मंच गुडघाभर उंच, पायांच्या खुणांनी पांढुरका झालेला. मागच्या रांगांतून पावलं दिसत नाहीत. तेव्हा पहिल्या दोन रांगा गाठाव्यात, पण टोकाच्या.

दारातल्या बाईंनी स्पॅनिश आणि इंग्रजीत नियम सांगितले. फोन बंद, फोटो फक्त शेवटच्या तुकड्यात. दिवे मंद झाले.

सुरुवात एकट्या गिटारने. फ्लामेंकोची गिटार परंपरेने सायप्रसच्या लाकडाची, हलकी, आवाज कोरडा आणि झटकन विझणारा. तारांखाली एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर वादक वाजवता वाजवता बोटांनी थाप देतो. एवढ्या जवळून त्याची नखं दिसत होती, जाड, गोंदाचा थर दिलेली. त्याने सोलेआचे, म्हणजे फ्लामेंकोतल्या एका संथ, गंभीर प्रकाराचे, सूर छेडले आणि चार स्वरसंगतींची ती उतरती सुरावट आली, जी फ्लामेंकोत क्षणाक्षणाला परत येते. आईने माझं मनगट धरलं. कानात म्हणाली, "मध्यम, कोमल गंधार, कोमल रिषभ, षड्ज. भैरवीच की गं!" आणि थोड्या वेळाने, "षड्जावर येताना शुद्ध गंधारही लावतो. दोन्ही गंधार." बरोबर होतं तिचं. शेवटची स्वरसंगती मोठ्या तिसऱ्या स्वराची, म्हणजे शुद्ध गंधाराची असते. आपल्याकडे ठुमरी अंगाच्या भैरवीत बाराही स्वर येतात, त्यामुळे तिला त्यात काही खटकलं नाही, उलट ती सावरून बसली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगाविशी वाटते. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरून आणि आता जनुकांवरूनही सिद्ध आहे. स्पेनमध्ये ते आल्याची पहिली नोंद 1425 सालची. पण म्हणून फ्लामेंको म्हणजे परदेशी गेलेलं आपलं कथ्थक, असं जे सर्रास लिहिलं जातं ते मला पटत नाही. फ्लामेंको आंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या दक्षिण भागात घडला, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. खितानोंची गायकी, तिथली लोकगीतं, मूर आणि ज्यू वस्तीचे जुने ठसे, अमेरिकेतून जहाजांनी परत आलेल्या लयी, हे सगळं मिसळून. भैरवीची आठवण होणं हा आपल्या कानांचा आनंद आहे. हक्क सांगायचा तर तो ज्यांनी ही कला भोगून उभी केली त्यांचा.

गायक पन्नाशीचा, जाड अंगाचा, काळा सदरा. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, तळवे मांड्यांवर. शब्द सुरू करण्याआधी त्याने नुसतं "आय" म्हणत सूर लावला, वर गेला, खाली आला, गळ्यात खरखर होती ती लपवली नाही. आपले गवई षड्ज लावून जागा चाचपतात तसंच ते. मग कडवं. सोलेआचं कडवं तीन किंवा चार छोट्या ओळींचं, एवढंच. पण एका ओळीला तो कोंपासची दोन-दोन आवर्तनं पुरवत होता. मानेच्या शिरा ताठ, डोळे मिटलेले, उजवा हात हळूहळू उघडत जाणारा. आवाज आमच्यापासून दहा फुटांवर होता आणि मध्ये काहीही नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "पोटातून गातोय."

पहिलं कडवं संपता संपता मागे टाळी देणाऱ्या नर्तकीने "ओले" म्हटलं, मोठ्याने नाही, दहाव्या मात्रेच्या किंचित नंतर, अगदी त्या श्वासाच्या जागेत. तिथे मला दाद कुठे द्यायची ते कळलं. शब्द माहीत असून उपयोग नाही, जागा माहीत असायला हवी. ती गिटारवादकाला दाद देत होती, गायक तिला देत होता, वादक मान हलवत दोघांना देत होता. आम्ही पन्नास-साठ माणसं त्यांच्यात बसून ऐकत होतो.

मग पहिली नर्तकी उभी राहिली, आलेग्रियास घेऊन. हा कादिस बंदराचा प्रकार, मात्रा बाराच पण स्वर शुद्ध, मोकळे. रेशमी झालरीची मोठी शाल ती अशी फिरवत होती की झालरीचा वारा पहिल्या रांगेला लागत होता. सुंदर होतं. टाळ्याही खूप पडल्या. पण खरं सांगायचं तर हा भाग मोठ्या सभागृहातही असाच आवडला असता, म्हणून त्याच्यावर फार रेंगाळत नाही.

छोट्या खोलीचं मोल कळलं ते पुढच्या तुकड्यात. वादकाने गिटार खुर्चीला टेकवून ठेवली आणि गायक उभा राहिला. मार्तिनेते. ही चीज साथीशिवाय गातात. तिचं नातं त्रियानातल्या लोहारांच्या भट्ट्यांशी सांगतात, आणि कधी ऐरणीवर हातोडा मारून लय धरतात. त्या रात्री ऐरण नव्हती. दुसरी नर्तकी अंधारात बसून एका काठीने लाकडावर ठोका देत होती, संथ, असमान अंतरांचा. या चिजांमध्ये तुरुंग, बेड्या, ताटातूट यांचे विषय वारंवार येतात आणि ते कल्पनेतून आलेले नाहीत. 30 जुलै 1749 च्या रात्री, सहावा फर्नांदो राजा असताना, स्पेनभरच्या खितानोंना एकाच वेळी धरण्याचा हुकूम अमलात आला. हजारो माणसं पकडली. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीला धाडलं, बायका-मुलांना वेगळं कोंडलं. कित्येकांची सुटका व्हायला दीड दशक गेलं. त्रियानात उभं राहून, साथीविना, एक माणूस हे गातो तेव्हा ते ऐकायला शब्द समजावे लागत नाहीत. शेवटच्या ओळीत त्याचा आवाज फाटला. त्याने तो फाटू दिला, सावरला नाही, आणि तसाच षड्जावर आणून सोडला. आपल्याकडच्या मैफलीत असा फाटलेला सूर दोष मानला असता. इथे तो गाण्याचा भाग होता. आई नंतर यावर बराच वेळ बोलली. सुरेलपणा सोडून सच्चेपणाकडे जाणं तिला आधी पचलं नव्हतं, त्या ओळीने पचलं, असं म्हणाली.

1922 साली ग्रनादा शहरात, आलांब्रा या जुन्या राजवाड्याच्या आवारात, संगीतकार मान्युएल दे फाया आणि तरुण कवी लोर्का यांनी इतरांसोबत याच गायकीसाठी, जिला तिकडे कांते होंदो म्हणजे खोल गाणं म्हणतात, स्पर्धा भरवली होती. करमणुकीच्या धंद्यात तिचं सत्त्व हरपेल ही त्यांची भीती होती, आणि स्पर्धा खुली ठेवली ती व्यावसायिक नसलेल्या गायकांसाठी. त्यांच्या सगळ्या मतांशी सहमत व्हायला हवं असं नाही. धंद्याने ही कला जगवलीही आहे, त्या रात्रीचं आमचं तिकीट हाही धंदाच. पण कशाच्या काळजीने त्यांनी तो खटाटोप केला, ते या एका चिजेने समजलं.

मार्तिनेतेनंतर एका मुलाने ओल्या फडक्याने मंचाचा मधला भाग पुसला, बूट घसरू नयेत म्हणून. गायकाने पाणी पिता पिता वादकाला हळूच एक आकडा सांगितला. वादकाने तारांवर आवळलेली चाप सोडवली, दोन घरं वर सरकवून पुन्हा आवळली. "पट्टी विचारून घेतली बघ," आई खूश होऊन म्हणाली. गायक सांगेल ती पट्टी आणि साथीदाराने त्याप्रमाणे लावून घ्यायचं, हे तिच्या घरचंच काम.

आणि मग दुसरी नर्तकी, सोलेआ. वयाने चाळिशीपुढची, साधा गडद झगा, शाल नाही, पंखा नाही. पहिली दोन मिनिटं ती जवळजवळ हललीच नाही. गायक गात होता आणि ती ऐकत होती, मंचावर, आमच्यासमोर. ओळ संपली की फक्त एक खांदा, एक वळण, टाचेचा एक ठोका, बरोबर दहावर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नाच गाण्याला उत्तर देतोय. गाणं चालू असताना ती पावलं आवरून धरते. मग तिला पुढचं कडवं हवं झालं की जोरकस पदन्यासाचा एक ठरावीक इशारा करते, यामादा म्हणतात त्याला, आणि गायक गाऊ लागतो. वादकाची नजर पूर्ण वेळ तिच्या घोट्यांवर होती. एकदा तिने अपेक्षेपेक्षा एक आवर्तन लांबवलं. गायकाने तोंड उघडलेलं मिटलं, हसला, थांबला. वादकाने तेच दोन स्वर धरून ठेवले. ती परत दहावर उतरली आणि तिघांच्या तोंडून एकदम "ओले" आलं. हे ठरवलेलं नव्हतं. मागच्या रांगेतून ते कळलंही नसतं.

त्यानंतर तिने दोन्ही हातांनी झगा गुडघ्यापर्यंत उचलला. फक्त पायांचं काम. बुटांच्या चवड्याला आणि टाचेला खिळे ठोकलेले असतात, त्यामुळे चवडा, टाच आणि सपाट तळवा यांचे तीन वेगळे नाद येतात. सुरुवात इतकी हळू की एकेक ठोका मोजता येत होता. दबक्या टाळ्या. मग दुप्पट, मग चौपट, आणि वरचं अंग मात्र स्थिर. मंचाचं कंपन खुर्चीच्या पायांतून आमच्या तळपायांत येत होतं. मी तिसरी, सहावी, आठवी, दहावी, बारावी धरून होते, आणि ती मधल्या प्रत्येक मात्रेचे तुकडे करून परत त्याच जागी येत होती. शेवटी लय बुलेरियासमध्ये वळली, बारा मात्रा त्याच पण गती फार चढी, टाळ्या कडक झाल्या, गायक उभा राहून गाऊ लागला, आणि ती गात्या माणसाभोवती फिरत त्याच्यासोबतच मंचाबाहेर गेली.

शेवटच्या तुकड्यात सगळे मिळून बुलेरियास. इथे फोटो काढता येतात. तो जाडजूड गायक खुर्ची मागे सारून पुढे आला आणि मोजून आठ-दहा पावलं नाचला, हात फारसे न उचलता, पोट सांभाळत. नर्तकींच्या तासाभराच्या मेहनतीइतकाच तो तुकडा मला लक्षात राहिला, कारण कोंपास त्या माणसाच्या सबंध अंगात होता. मी फोटो एकच काढला आणि फोन ठेवून दिला.

कार्यक्रम संपल्यावर गायक दारापाशी उभा होता. आईने हात जोडले आणि मराठीतच म्हणाली, "फार छान गायलात, देव गळा राखो." दारातल्या बाईंना मी इंग्रजीत अर्थ सांगितला, त्यांनी त्याला स्पॅनिशमध्ये. त्याने आईचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, सिन्योरा स्वतः गातात का. आई म्हणाली, आता नाही. तो म्हणाला, गळा जातो, कान जात नाही, आणि ती पहिल्या "आय"ला कशी सावरून बसली ते त्याने खुर्चीवरून पाहिलं होतं. एवढ्या छोट्या खोलीत त्यांनाही आपण दिसतो.

रात्री पुलावरून परतताना आमचं बोलणं झालं ते सगळं त्याच्याबद्दल. कुणी सेवियाला जाणार असेल तर मी आता आवर्जून हेच सांगते: नाच पाहाच, पण नजर अधूनमधून खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे वळवा. परंपरा जाणणारे लोक गाण्यालाच या कलेचं मूळ मानतात, नाच आणि गिटार त्यातून फुटलेले. तिकीट काढताना गायक आहे ना, हे आधी विचारून घ्या. काही स्वस्त कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचवतात आणि मग इशारा कुणी कुणाला करायचा हा प्रश्नच उरत नाही.

आईला आता आंदालुसियातल्याच खेरेस शहरात जायचं आहे. बुलेरियासचं घर ते. तिथल्या सांतियागो आणि सान मिगेल या दोन मोहल्ल्यांनी पिढ्यान् पिढ्या गायक दिले. तिथे पेन्या असतात, म्हणजे रसिकांनी चालवलेली मंडळं, जिथे प्रवाशांपेक्षा गावातली माणसं जास्त, आणि गाणं सुरू होतं तेच मुळी रात्री उशिरा. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला नाचाचा मोठा महोत्सवही भरतो, पण त्या दिवसांत गर्दी असते, म्हणून आम्ही त्याच्या आधीची तिकिटं बघतोय.